दिवाळीत भाकरी बंद करू नका: फराळाच्या दिवसांत घरचं जेवण सांभाळायची रीत

चार वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन दवाखाना गाठावा लागला. रक्तातली साखर ३४० च्या वर गेली होती. लाडू किती खाल्ले, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आजोबा, शेवटची भाकरी कधी खाल्ली?" मामंजी आठवत बसले, त्यांच्या शेजारी मीही आठवत बसले. वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी झाली होती. त्यानंतर आमच्या शेगडीवर चढली ती फक्त कढई.

घरी येऊन मी त्या आठवड्याचा हिशोब मांडला. मामंजींनी लाडू फार खाल्ले नव्हते, रोजचे दोन. पण सकाळी चहासोबत फराळ, दुपारी पाहुण्यांबरोबर श्रीखंड-पुरी, चार वाजता पुन्हा फराळाचं ताट, आणि रात्री "भूक नाही" म्हणून मूठभर चिवडा. वरण नाही, पालेभाजी नाही, ताक नाही. घरातल्या सगळ्यांचं तसंच झालं होतं. पोरांची पोटं बिघडली होती, माझं डोकं रोज दुपारी दुखायचं. गोड जास्त झालं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आमचं जेवण घरातून सहा दिवस गायब होतं आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. आम्ही अंबाजोगाईत राहतो, घरात सात माणसं. आहारशास्त्र शिकलेले नाही. पण त्या वर्षापासून डॉक्टरीणबाईंना विचारत, वजनकाट्यावर मोजत, आत्याबाईंशी (सासूबाईंशी) चर्चा करत आम्ही दिवाळीची एक रीत बसवली. फराळ सगळा होतो, अनारसेसुद्धा. ती रीत इथे सविस्तर लिहिते.

आधी वही काढा

दिवाळीच्या दहा दिवस आधी, मोंढ्यातून सामान आणण्यापूर्वी, एका पानावर तीन गोष्टी लिहा: कोणत्या दिवशी घरात किती माणसं जेवायला असतील, कुणाला काय दुखणं आहे, आणि गेल्या वर्षी काय उरलं होतं.

मग साखरेचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभरातल्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगलं. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. यात गूळ आणि मधही धरायचा. आता सात माणसं, दहा दिवस, २५ ग्रॅम: झाले १७५० ग्रॅम. पावणेदोन किलो, तेही चहा धरून! आमच्याकडे पूर्वी फराळालाच पाच किलो साखर यायची.

पाहुण्यांचा वाटा धरून आम्ही आता फराळाला दोन किलोच्या आत साखर आणतो. चहाचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून दोनदा घेतला, तर सोळा-सतरा ग्रॅम तिथेच संपतात. फराळाच्या दिवसांत चहात अर्धा चमचा घाला. लाडू कमी करण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण चहाची गोडी दोन-तीन दिवसांत जिभेच्या अंगवळणी पडते.

आणखी एक. आपल्याकडे दिवाळी येते ती सोयाबीनची रास आणि रब्बीची पेरणी यांच्या मध्येच. माझे दीर दिवसभर रानात असतात, वाकून काम करतात. त्यांच्या पोटात चार लाडू गेले तरी ते जिरतात. मी आणि माझे यजमान सुट्टीत घरात बसलेले. ताट एकच, पण अंगमेहनत वेगळी, तेव्हा वाढताना हात वेगळा पडला पाहिजे. जुन्या माणसांनी डबेच्या डबे फराळ खाल्ला आणि त्यांना काही झालं नाही, असं कुणी म्हटलं की मी त्यांना एवढंच विचारते: ती माणसं दिवसाला किती चालत होती?

भाजी आधी आणा, रवा-मैदा नंतर

लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला मंडई अर्धी ओस असते आणि जी भाजी मिळते ती महाग. घरात भाजी नसली की बाई पुरी-बटाट्यावर येते, हे मी स्वतः केलेलं आहे. म्हणून फराळाच्या यादीच्या वर भाजीची यादी. टिकणाऱ्या भाज्या आधीच आणून ठेवा: लाल भोपळा, कोबी, मुळा, बीट, काकडी, दोडका, वांगी, आणि लिंबं भरपूर. मेथी, शेपू, अंबाडी यांच्या जुड्या पहिल्या दोन दिवसांत वापरायच्या. मटकी किलोभर आणा. रोज मूठ-दोन मुठी भिजत घाला, म्हणजे पुढचे सगळे दिवस मोड आलेलं कडधान्य हाताशी राहतं. ज्वारी-बाजरीचं पीठ दिवाळीआधीच दळून आणा, सणात गिरणी बंद असते. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला; त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. कुणा शेतकऱ्याकडे मिळाली तर जरूर घ्या.

फळंही याच दिवसांत आपल्याकडे मुबलक असतात. बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे आपल्या मातीचं नाव त्यांच्यावर लागलेलं आहे. पेरूही येऊ लागतात. पाहुण्यांपुढे फराळाच्या ताटात चिरलेला पेरू ठेवून बघा, सगळ्यात आधी तोच संपतो.

कुठे साखर कमी होते आणि कुठे होत नाही

"सगळ्यात साखर निम्मी घाला" असा सल्ला सर्रास मिळतो. तो पाळून मी एका वर्षी रव्याचे लाडू वाया घालवले. काही पदार्थांत साखर फक्त गोडीला असते, तर काहींत तिच्यावरच पदार्थ उभा असतो. हे ओळखलं की काम सोपं होतं.

बेसनाचा लाडू तुपावर बांधला जातो, साखरेवर नाही. माझं जुनं माप होतं अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. ४० ग्रॅमचे २८-२९ लाडू व्हायचे. एकेका लाडवात १४ ग्रॅमच्या आसपास साखर, साडेआठ ग्रॅम तूप, एकूण उष्मांक २०० च्या जवळपास. म्हणजे दोन लाडवांत दिवसभराची साखर संपली. आता साखर ३०० ग्रॅम घेते आणि लाडू वळते २० ग्रॅमचा, लहान आवळ्याएवढा. तेवढ्याच बेसनात ५० च्या वर लाडू होतात, एकात साखर सहा ग्रॅमच्या आत, उष्मांक १०० च्या आसपास. बेसन मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा आणि वेलदोडा-जायफळ हात राखून घालू नका, म्हणजे साखर कमी आहे हे कळतही नाही. पहिला लाडू काट्यावर तोला, मग हाताला अंदाज येतो. लहान लाडवाचा खरा फायदा असा की माणूस "एकच घेतो" म्हणतो आणि एकच घेतो.

करंजीचं सारण तसंच. खोबरं, भाजलेला रवा, खसखस असतेच; साखर एक तृतीयांश कमी केली तरी करंजी बिघडत नाही. खसखस-तीळ थोडे वाढवा.

रव्याचा पाकातला लाडू मात्र पाकावर बांधला जातो. पाक कमी पडला की लाडू फुटतो. तो करायचाच तर थोडा करा. अनारशाचं तर विचारूच नका: तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, दळून, गूळ मिसळून पीठ मुरवायचं, आणि गुळाचं प्रमाण जरा हललं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरून पसरतो. आत्याबाई म्हणतात, "अनारशाला शहाणपण शिकवू नये." त्यांचं ऐका. आम्ही माणशी तीन या हिशोबाने २१ अनारसे करतो, मापात काही बदल करत नाही.

शंकरपाळे मला फराळातला सगळ्यात फसवा पदार्थ वाटतो. मैदा, साखर, तूप आणि वर तळण. त्यात पोषण असं काहीच नाही, आणि येता-जाता मूठभर तोंडात जातात. आम्ही गोडे शंकरपाळे निम्मे केले, आणि निम्मे कणीक आणि ज्वारीच्या पिठाचे ओवा-तीळ घालून तिखट-खारे करतो. वनस्पती तुपाचं मोहन घालू नका. जानेवारी २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरीही घरचं तूप थोडं वापरलेलं बरं.

साखरेऐवजी गूळ घातला म्हणून मधुमेह्याला लाडू चालतो, हा समज मोडायला आमच्या घरात वर्ष गेलं. गुळात थोडी खनिजं असतात, चव चांगली असते, पण रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. खजुराच्या बर्फीचंही तेच. "शुगर फ्री" लिहिलेल्या मिठाईत तूप, खवा आणि मैदा नेहमीएवढाच असतो.

खव्याबद्दल एक सांगून ठेवते. भूम-वाशी, कुंथलगिरीकडचा खवा नावाजलेला आहे, पण सणात मागणी वाढली की भेसळही वाढते. थोडा खवा पाण्यात उकळून गार करा, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर त्यात पिठूळ काहीतरी मिसळलं आहे. तो तपासायचा तुकडा टाकून द्यायचा. चांगला खवाही आणला त्याच दिवशी वापरा.

कढईत काय जातं आणि किती परत येतं

तेल मोजायची एक साधी युक्ती आहे. कढईत ओतण्यापूर्वी तेल मोजा, तळण संपल्यावर गार झालेलं गाळून पुन्हा मोजा. जेवढं कमी भरलं तेवढं घराच्या पोटात जाणार आहे. पहिल्या वर्षी चकल्यांच्या एका घाण्यानंतर आकडा बघून आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "पुढच्या साली निम्म्या करू."

तेल नीट तापलेलं नसलं की पदार्थ ते जास्त पितो. पिठाची गोळी टाकल्याबरोबर वर आली पाहिजे. तळाशी बसून राहिली तर थांबा. आणि धूर निघेपर्यंत तापवूही नका. एका वेळी थोडंच टाका, नाहीतर तेल गार पडतं. झाऱ्यावर नीट निथळू द्या. उरलेलं तेल गाळून ठेवा, एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. काळं, चिकट, वास आलेलं तेल टाकूनच द्या. विकतचा फराळ घेत असाल तर दुकानदाराला तेल कधी बदलता हे विचारायला लाजू नका. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या खराब संयुगांवर (टोटल पोलर कंपाउंड्स) २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. वारंवार तापलेलं तेल ती ओलांडतं.

चिवड्याला तळणाची गरजच नाही. पातळ पोहे कडक उन्हात दोन तास पसरा, मग मंद आचेवर कुरकुरीत भाजा. आमच्याकडे त्याहून आवडीचा झालाय ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. पाव किलो लाह्या घ्या, भडभुंज्याकडे मिळतात. शंभर ग्रॅम शेंगदाणे आणि शंभर ग्रॅम डाळवं कोरडंच भाजून घ्या. चार मोठे चमचे शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल तापवून त्यात मोहरी, ठेचलेला लसूण, भरपूर कढीपत्ता, हळद, तिखट, थोडे तीळ. आच बंद करून मग मीठ आणि लाह्या. लाह्या हलक्या, त्यामुळे वाटी भरून घेतली तरी पोटात थोडंच जातं. मीठ मात्र मोजून घाला. दिवसभराचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे एक छोटा चमचा, आणि चिवडा-चकली-शेव-पापड मिळून ते दुपारपर्यंतच संपतं.

जेवणाची वेळ आणि तवा

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरात एकच नियम भिंतीवर लिहिलेला आहे: दिवसाच्या दोन जेवणांपैकी एक भाकरीचं, आणि दिवसात गोड एकच प्रकारचं. भाकरीचं जेवण म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, दाट वरण किंवा उसळ, एक पालेभाजी किंवा फळभाजी, कच्चं काहीतरी आणि ताक. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग भाकरीचा, पाव भाग डाळ-उसळीचा. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. मैद्याच्या दिवसांत पोट साफ ठेवायचं काम हा चोथा करतो.

वसुबारस आपल्याला हे शिकवतच आली आहे. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका गहू-मूग खात नाहीत, दूधदुभतं नाही, तळलेलं नाही; बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. सणाची सुरुवातच साध्या ताटाने आहे. आम्ही आता ते ताट घरातल्या सगळ्यांना वाढतो. धनत्रयोदशीला धणे-गुळाचा प्रसाद हेच गोड. जेवण रोजचं, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी, काकडीची कोशिंबीर.

नरक चतुर्दशीची पहाट सगळ्यात घातक. अभ्यंगस्नान झालं की उपाशीपोटी, सहा वाजता, लाडू-करंजी-शंकरपाळ्यांचं ताट समोर येतं. रिकाम्या पोटी गेलेली साखर भराभर रक्तात चढते, आणि दहा वाजता पुन्हा भूक लागते. आम्ही त्या पहाटे आधी मटकीची उसळ वाढतो. वाटीभर गरम उसळ, वर मूठभर चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. मग एक करंजी. पोरं आता उसळीचीच वाट बघतात. रात्री पिठलं-भाकरी आणि जवसाची चटणी.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पुरण असतं. पुरणपोळीबद्दल उगाच धास्ती घेऊ नका. तिच्यात हरभऱ्याची डाळ आहे. दोन पोळ्या, कटाची आमटी मोठी वाटीभर, आळूची किंवा भोपळ्याची भाजी, आणि त्या दिवशी फराळाचे डबे बंद. पूजेनंतर लाह्या-बत्तासे असतातच. पाडव्याला श्रीखंड असलं तर पुरीऐवजी पोळी करा. गोड आणि तळण एकाच ताटात येणं हेच टाळायचं असतं. सोबत भरली वांगी. भाऊबीजेला दुपारी पाहुण्यांचं जेवण मनासारखं होऊ द्या, पण रात्री येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ) घातलेली आमटी, भाकरी आणि मुळ्याची कोशिंबीर. येसर दिवाळीआधीच भाजून-दळून डब्यात भरून ठेवा. दमलेल्या बाईला दहा मिनिटांत आमटी करता येते. माझ्या नणंदबाई पुण्याहून येतात त्या या रात्रीच्या जेवणासाठी. "वहिनी, भाकरी मऊ आहे ना?" असं त्या फोनवरच विचारतात.

फराळाची वेळ ठरवा. आमच्याकडे चार वाजता, छोट्या बशीत, एक गोड आणि एक तिखट. डबे ओट्यावरून उचलून कपाटात ठेवले की येता-जाता हात आपोआप कमी जातो.

साखर आणि रक्तदाब असलेल्यांसाठी

मामंजींसाठी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आम्ही तंतोतंत पाळतो. गोळ्यांची वेळ सणातही तीच. गोड खायचंच तर जेवणाच्या शेवटी, भाकरी-वरण-भाजी पोटात गेल्यावर, एक लहान लाडू. आणि त्या जेवणात भाकरी अर्धी कमी. संध्याकाळी लाडू खायचा म्हणून दुपारचं जेवण बुडवायचं नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांची साखर उपाशी राहिल्यावर एकदम खाली जाते. घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, वाढली नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. घरात मीटर असेल तर त्याच्या पट्ट्या दिवाळीआधी आणून ठेवा. आम्ही सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बघतो.

जेवून झालं की मामंजी दहा-पंधरा मिनिटं अंगणात, कधी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालतात. जेवणानंतरच्या चालण्याने वाढलेली साखर खाली राहते, हे आम्ही मीटरवर स्वतः पाहिलं आहे. आत्याबाईंचा रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी थोडा चिवडा मीठ न घालता बाजूला काढते आणि वर लिंबू पिळून, कोथिंबीर घालून देते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र कुणाच्या घरचं ताट बघून ठरवू नये, आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

कार्यक्रमात पाहुणे आग्रह करतात तेव्हा मामंजींची अडचण व्हायची. आता पाहुण्यांना वाढायला मीच उठते आणि त्यांच्या बशीत आधीच पेरू आणि चिवडा ठेवलेला असतो. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत "तुम्हाला नको, तुम्हाला शुगर आहे" असं म्हणू नका. त्यांना फार लागतं ते.

मुलांचं

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला साखर-गूळ देऊच नका, चाखायलाही नाही. सण त्याला कळत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या चिवड्यातले अख्खे शेंगदाणे काढून घ्या, घशात अडकतात.

मोठ्या मुलांना बंदी घातली की ती चोरून खातात. माझ्या मुलीला मी लाडू तोलायला बसवते, मुलाला मटकी भिजवायला. ज्याने स्वतः २० ग्रॅमचा लाडू तोलला, तो त्याची किंमत जाणतो. "भाजी संपव, मग लाडू देते" असं म्हणू नका. त्याने भाजी शिक्षा होते आणि लाडू बक्षीस. दोन्ही एकाच ताटात ठेवा. रात्री दात घासून घ्या, फटाक्यांच्या नादात तेच राहतं. आणि वयात येणाऱ्या मुलींना पाहुण्यांसमोर "सुटलीस हं" म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिथेच थांबवा. त्या एका वाक्यापायी पोरी जेवणं टाकतात.

करणाऱ्या बाईचं ताट

याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. दिवाळीत घरातली बाई जेवतच नाही. सकाळपासून तुटलेली करंजी, चवीपुरता चिवडा, चार वेळा चहा. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पुरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तक्षय आढळला. त्या बाईने सणाचे सहा दिवस पालेभाजी आणि डाळीशिवाय काढायचे?

आमच्याकडे आता फराळ करायच्या दिवशी स्वयंपाक पुरुष करतात: खिचडी, कढी आणि कच्चा कांदा, इतकंच. फराळ थांबवून सगळ्या एकत्र जेवतो. जेवणात लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या, कारण लगेच घेतला तर तो लोह शोषू देत नाही. कढईसमोर उभं असताना पाण्याचा तांब्या ओट्यावर भरलेला असू द्या. माझी ती डोकेदुखी बहुतेक पाण्याविनाच होती.

उरलेला फराळ

भाऊबीजेनंतर डबे उघडून बघा. चिवडा उरला असेल तर शाळेच्या डब्यात मटकीबरोबर द्या. मुरमुरे उरले असतील तर त्यांचा सुशीला करा, त्यात भरपूर कांदा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची. चकल्या मोडल्या असतील तर आमटीत टाकून बघा, छान लागतात. गोड मात्र संपवायच्या हट्टाने खाऊ नका. डबा घट्ट झाकणाचा असला तर बेसनाचा लाडू पंधरा दिवस टिकतो, तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो. शेजारी, शाळेतल्या सहकाऱ्यांना वाटायचं असेल तर ताजं असतानाच वाटा.

मग पुन्हा वही. काय केलं, किती केलं, काय उरलं, एवढं त्याच दिवशी लिहा, पुढच्या वर्षी काहीच आठवत नाही. गेल्या साली माझ्या पानावर हे आहे: बेसन लाडू ५२, उरले ९. अनारसे २१, उरला एकही नाही. लाह्यांचा चिवडा दोनदा करावा लागला. गोडे शंकरपाळे अर्धा किलो उरले, यंदा पाव किलोच. ज्वारीचं पीठ पाडव्याला संपलं, यंदा दोन किलो जास्त दळायचं.